मार्सेलिसचा धक्का

मंडळी, मार्सेलिस हे नाव आपल्याकडे एका उडीमुळे घरोघर माहीत आहे. ८ जुलै १९१० रोजी सकाळी सावरकरांनी 'मोरिया' बोटीच्या पोर्टहोलमधून समुद्रात उडी घेतली ती या बंदरात. शाळेच्या भिंतीवरच्या चित्रांत, नाटकांत, पोवाड्यांत ही उडी इतक्या वेळा आली आहे की मार्सेलिस हे एक गाव आहे, तिथे माणसे राहतात, त्यांची म्हणून काही गोष्ट असेल, हे आपल्या लक्षातच येत नाही.

वर्गात इतिहास-भूगोल शिकवताना मला हे नेहमी खटकायचे. कारण उडी ही अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी धक्क्यावर घडली. पोहून आलेल्या माणसाने किनाऱ्याला पाय लावला, आणि किनाऱ्याने त्याला काही मिनिटांत परत केले. हे कसे झाले हे कळायला त्या गावाचा स्वभाव थोडा ठाऊक हवा. म्हणून आजचा लेख मार्सेलिसवर. जरा लांबला आहे, सवडीने वाचावा.

आधी नावाचे. फ्रेंच लोक 'मार्सेय' असे काहीसे म्हणतात. इंग्रजांनी त्याच्या शेवटी एक 'एस' लावला आणि तो वाचून आपण मार्सेलिस म्हणू लागलो. कानाला सवयीचे आहे म्हणून मीही तेच ठेवतो.

आता नकाशा समोर घ्या. फ्रान्सच्या दक्षिणेला भूमध्य समुद्र. त्यात रोन नदी मिळते, मोठा त्रिभुज प्रदेश करून. मार्सेलिस या मुखावर वसलेले नाही, मुखाच्या पूर्वेला थोडे बाजूला आहे. यातच त्याचे भाग्य आहे. नदीच्या तोंडावरची बंदरे गाळाने भरतात. रोनचा गाळ समुद्राच्या प्रवाहाबरोबर पश्चिमेकडे वाहतो, त्यामुळे मार्सेलिसची खाडी खोल राहिली. शिवाय रोनचे खोरे म्हणजे उत्तरेकडे जाणारा तयार रस्ता. खोल बंदर आणि पाठीशी वाट, व्यापाऱ्याला आणखी काय हवे! याच खोऱ्यातून 'मिस्त्राल' नावाचा कोरडा, गार वारा उतरतो. तो सुटला की आकाश धुतल्यासारखे निळे होते आणि माणसे कावतात. शहराभोवती चुनखडीचे पांढरे डोंगर आहेत. पूर्वेला हेच डोंगर सरळ समुद्रात उतरतात आणि त्यांच्या मधल्या चिंचोळ्या खाड्यांना 'कालांक' म्हणतात. २०१२ पासून तो भाग राष्ट्रीय उद्यान आहे. वस्ती पावणेनऊ लाखांच्या आसपास, म्हणजे पॅरिसच्या खालोखाल. पॅरिसहून वेगवान गाडीने तीन-सव्वातीन तास लागतात.

या गावाची जन्मकथा मला फार आवडते. इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास फोकाया नावाच्या ग्रीक शहरातून (आजच्या तुर्कस्तानात, इझमीरजवळ) काही खलाशी या खाडीत शिरले. त्या दिवशी तिथल्या लिग्युरियन राजाच्या, नान्नसच्या घरी मुलीच्या लग्नाची मेजवानी होती. रीत अशी की जेवणानंतर मुलगी ज्याच्या हाती पेला देईल तो तिचा नवरा. पाहुण्यांनाही पंगतीत बसवले होते. राजकन्या जिप्तिस उठली आणि तिने पेला दिला तो प्रोतिस नावाच्या परक्या ग्रीकाला. राजाने निवड मानली, जावयाला खाडीकाठची जमीन दिली, आणि मासालिया वसले. आपल्या भाषेत सांगायचे तर स्वयंवरातून झालेले गाव. ही दंतकथा आहे, आणि जुन्या ग्रंथांत तिचे एकाहून अधिक पाठ आहेत. पण कोणते गाव आपली कोणती दंतकथा जपते यावरून त्याला काय म्हणायचे आहे ते कळते. दारात आलेल्या परक्याला आत घेतले आणि त्यातून आम्ही झालो, असे हे गाव अडीच हजार वर्षांहून जास्त काळ स्वतःबद्दल सांगत आले आहे.

ग्रीकांनी ऑलिव्ह आणि द्राक्षवेल या किनाऱ्यावर रुजवली. इथला पिथिआस नावाचा दर्यावर्दी इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात थेट ब्रिटनच्या बेटांपर्यंत आणि त्याहूनही उत्तरेला जाऊन आला. पुढे सीझर आणि पाँपी यांच्या भांडणात गावाने पाँपीची बाजू घेतली. इसवी सनापूर्वी ४९ मध्ये सीझरने वेढा घालून ते घेतले आणि मासालियाचे जुने स्वातंत्र्य संपले.

आता आपल्याकडच्या एका पाहुण्याची गोष्ट. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना एक गेंडा भेट दिला होता. १५१५ साली तो लिस्बनला पोचला. अल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराने न पाहताच काढलेले त्याचे चिलखती अंगाचे चित्र पुष्कळांनी पाहिले असेल. पोर्तुगालच्या राजाने तो गेंडा पोपकडे पाठवला. वाटेत, १५१६ च्या जानेवारीत, बोट मार्सेलिससमोरच्या बेटावर थांबली आणि फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस मुद्दाम तो पाहायला गेला. पुढच्या प्रवासात इटलीच्या किनाऱ्याजवळ बोट बुडाली. गेंड्याला पोहता येते, पण त्याला डेकवर साखळदंडाने बांधले होते. काही वर्षांनी याच राजाने समोरच्या 'इफ' बेटावर किल्ला बांधवला. पुढे त्याचा तुरुंग झाला. अलेक्झांडर द्यूमाच्या 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' या कादंबरीचा नायक याच तुरुंगातून निसटून समुद्रात पडतो. कादंबरी १८४४ ते १८४६ या काळात छापली गेली. मार्सेलिसच्या पाण्यात पडलेला काल्पनिक कैदी सुटला. खरा सुटला नाही.

आमच्या खानदेशाचा आणि मार्सेलिसचा संबंध सावरकरांच्या किती तरी आधीचा आहे, हे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल. भुसावळहून गाडीने तासाभरावर बऱ्हाणपूर आहे. आज ते मध्य प्रदेशात मोडते, पण फारुकी राजांच्या काळी ती खानदेशाची राजधानी होती आणि मोगलांच्या काळी सुभ्याचे ठाणे. ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात तिथून गेला. बऱ्हाणपूरचे तलम कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, अगदी पोलंडपर्यंत जाते, असे त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे. तुर्की बंदरांतला माल फ्रान्समध्ये उतरण्याची मोठी जागा म्हणजे मार्सेलिस. १६६९ साली राजाच्या हुकुमाने ते मुक्त बंदर झाले आणि पूर्वेच्या व्यापाराची फ्रान्समधली किल्ली त्याच्या हाती आली.

हिंदुस्थानी छिटाच्या कापडाचे मार्सेलिसला इतके वेड लागले की १६४८ साली तिथे पत्ते छापणाऱ्या एका कारागिराने कापडावर तशी नक्षी छापायचे काम सुरू केले. पुढे आर्मेनियन लोक आले. त्यांना पूर्वेकडचे रंग पक्के करण्याचे तंत्र माहीत होते, ते त्यांनी शिकवले. या कापडाचे नावच 'अँदिएन' पडले, म्हणजे 'हिंदुस्थानी'. फ्रान्समधले रेशीम आणि लोकरवाले ओरडू लागले तेव्हा १६८६ साली सरकारने त्यावर बंदी घातली. ती १७५९ पर्यंत टिकली, पण लोकांनी वापरायचे काही सोडले नाही. आजही त्या भागात, प्रोव्हान्समध्ये, टेबलावर फुलाफुलांचे जे कापड अंथरतात ते आपले खास स्थानिक म्हणून पाहुण्यांना विकतात. नाव मात्र 'अँदिएन'च.

मालासाठी दार इतके उघडे ठेवण्याची किंमतही या गावाने मोजली. २५ मे १७२० रोजी 'ग्रां सेंत आंत्वान' नावाचे जहाज पूर्वेकडून रेशीम आणि सुती कापड घेऊन आले. वाटेतच त्यावरची माणसे मेली होती. बंदराचे नियम कडक होते. संशयित जहाजाला दूर बेटापाशी महिना-महिना थांबवत. पण जुलैत जवळच बोकेरची मोठी जत्रा भरायची होती, माल मोलाचा होता, आणि त्यात वाटा असलेल्यांपैकी एक जण नगराचाच मोठा कारभारी होता. नियम सैल झाले, गाठोडी गावात आली, त्यांच्याबरोबर प्लेग आला. नव्वद हजारांच्या आसपासची वस्ती, त्यातली जवळजवळ निम्मी गेली. पुढे १८९६ साली आपल्याकडेही प्लेग मुंबई बंदरातूनच आत आला, आणि पुण्यात त्याने काय काय घडवले ते आपण जाणतोच.

फ्रेंच राष्ट्रगीताला 'मार्सेयेझ' म्हणतात, पण ते गीत मार्सेलिसचे नाही. रुजे द लील नावाच्या अधिकाऱ्याने ते एप्रिल १७९२ मध्ये जर्मन सरहद्दीवरच्या स्ट्रासबुर्गला रचले. मार्सेलिसचे पाचएकशे स्वयंसेवक त्या उन्हाळ्यात क्रांतीच्या मदतीला पायी पॅरिसकडे निघाले आणि वाटभर ते गात गेले. पॅरिसकरांनी त्यांच्या तोंडून ऐकले म्हणून गीताला त्यांच्या गावाचे नाव मिळाले. स्वातंत्र्याचे गाणे ज्या गावाच्या नावाने ओळखले जाते तेच हे गाव, हे पुढच्या भागासाठी ध्यानात ठेवा.

१८६९ साली सुएझ कालवा उघडला आणि मार्सेलिसचे दिवस पालटले. जुनी खाडी अपुरी पडू लागल्यामुळे १८४० च्या दशकातच शेजारी नव्या बंदराचे काम सुरू झाले होते. गाव स्वतःला 'पूर्वेचे द्वार' म्हणवू लागले. गंमत पाहा, त्याच सुमारास, १८७० च्या मार्चमध्ये, आपल्या भुसावळवरून जाणारा लोहमार्ग जबलपूरला जोडला जाऊन मुंबई ते कलकत्ता सलग गाडी सुरू झाली. युरोपात या दोन्ही बातम्यांनी ज्यूल व्हर्नसारखा लेखक भारावला आणि ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणेची त्याची कादंबरी १८७२ मध्ये क्रमशः छापून येऊ लागली. तिच्यातला फिलिआस फॉग आपल्या या मार्गाने जातो, गाडी बऱ्हाणपूरला थांबते, खानदेशाचे नावही येते. सातपुडा मात्र व्हर्नने खानदेश आणि बुंदेलखंड यांच्या मधोमध नेऊन ठेवला आहे! माझ्या विद्यार्थ्याने असे लिहिले असते तर अर्धा गुण कापला असता.

कालव्यामुळे मुंबई आणि मार्सेलिस ही एकाच रस्त्याची दोन टोके झाली. विलायतेला जाणारे पुष्कळ उतारू मार्सेलिसला उतरून पुढे रेल्वेने जात. त्यामुळे सागरप्रवासाचे काही दिवस वाचत. मालाचेही तसेच. मार्सेलिसचा साबण प्रसिद्ध. १६८८ च्या राजाज्ञेप्रमाणे त्यात ऑलिव्हचेच तेल वापरायचे असा दंडक होता. एकोणिसाव्या शतकात गिरण्या वाढल्या, ऑलिव्ह पुरेना, आणि तीळ, भुईमूग, जवस यांची आयात सुरू झाली. मुंबई बंदरातून निघणाऱ्या तिळाचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे मार्सेलिसच्या तेलगिरण्या. आपल्या खानदेशात कपाशीबरोबर तीळ आणि जवस ही जुनी पिके, आणि जळगावची बाजारपेठ याच मालावर वाढलेली. तिळाच्या पोत्यांना मार्सेलिसच्या धक्क्यावर कोणी अडवले नाही.

आता १९१०. सावरकरांना १३ मार्च रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर अटक झाली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकला कलेक्टर जॅक्सनचा खून झाला, त्या प्रकरणात आणि इतर आरोपांवरून त्यांना खटल्यासाठी हिंदुस्थानात पाठवायचे ठरले. 'मोरिया' १ जुलैला निघाली आणि ७ जुलैला मार्सेलिसला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी शौचकूपाच्या पोर्टहोलमधून ते निसटले, पोहत धक्क्याला लागले आणि पळू लागले.

आमच्या लहानपणच्या चित्रांत डोंगराएवढ्या लाटा असत. प्रत्यक्षात बोट बंदरात उभी होती, मधले पाणी फार नव्हते. याने काही जणांना वाईट वाटते, काही जणांना टीकेला विषय मिळतो. माझ्या वाचकांत दोन्ही प्रकारची मंडळी आहेत, म्हणून दोघांनाही सांगतो की अंतर मोजत बसण्यात अर्थ नाही. त्या उडीत धाडस होतेच, पण तिच्यामागे कायद्याचा एक विचारही होता. बोटीवर इंग्रजांचा अधिकार चालत होता. किनाऱ्यावर फ्रान्सचा. फ्रान्समध्ये राजकीय आरोपींना आश्रय मिळत असे, आणि दुसऱ्या देशाने माणूस मागितला तर त्याला रीतसर अर्ज, चौकशी, निर्णय अशा पायऱ्या होत्या. त्या पायऱ्यांपर्यंत पोचण्यासाठी ही उडी होती. बॅरिस्टरीचा अभ्यास केलेल्या माणसाची ती उडी होती.

आणि ती साधली. पाय फ्रान्सच्या भूमीला लागले. पण फ्रेंच बंदर-पोलिसांच्या एका ब्रिगेडियरने (हा लष्करातला बडा अधिकारी नव्हे, आपल्याकडच्या जमादारासारखा हुद्दा) त्यांना धरले. बोटीवरून आलेल्या तिघांनी हात लावला आणि सर्वांनी मिळून त्यांना बोटीवर परत नेले. न्यायाधीश नाही, कागद नाही, दुभाष्या नाही. दुसऱ्या दिवशी, ९ जुलैला, 'मोरिया' बंदरातून निघून गेली.

यामागे आणखी एक गोष्ट होती. २९ जूनलाच लंडनच्या पोलीसप्रमुखाने पॅरिसच्या पोलीसखात्याला पत्र लिहून कळवले होते की असा असा कैदी या बोटीने येत आहे, त्याचे साथीदार काही गडबड करतील तर बंदोबस्त असावा. म्हणजे फ्रेंच पोलीस मदत करायच्या तयारीनेच उभे होते.

फ्रान्समध्ये यावरून गदारोळ झाला. मादाम कामा आणि पॅरिसमधले क्रांतिकारक खटपटीला लागले. ज्याँ झोरेस यांच्या 'ल्युमानिते' या समाजवादी पत्राने प्रकरण उचलून धरले. कार्ल मार्क्सचे नातू ज्याँ लाँगे यांनी लेखणी चालवली. आमच्या भूमीवर आश्रयाला आलेल्याला परत देणारे तुम्ही कोण, असा प्रश्न फ्रेंच माणसे आपल्याच सरकारला विचारत होती. हे मला फार महत्त्वाचे वाटते. फ्रान्स सरकारने कैदी परत मागितला, इंग्लंडने नाकारला, आणि २५ ऑक्टोबर १९१० च्या करारान्वये वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेला.

लवादात पाच जण होते. अध्यक्ष बेल्जियमचे बेर्नार्त, फ्रान्सचे लुई रेनो, इंग्लंडचे लॉर्ड डेसार्ट आणि नॉर्वे व हॉलंड यांचे एकेक. बेर्नार्त यांना १९०९ चे आणि रेनो यांना १९०७ चे शांततेचे नोबेल मिळालेले होते! २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल लागला. त्याचा मथितार्थ असा की कैदी परत देण्याच्या या प्रकारात अनियमितता झाली. पण दोन्हीकडचे पोलीस ठरल्याप्रमाणे एकमेकांना सहकार्य करत होते, कोणी कोणाला फसवले नाही, कोणी बळजबरीने फ्रेंच भूमीवरून माणूस पळवून नेला नाही. म्हणून इंग्लंडवर कैदी परत करण्याचे बंधन नाही.

हा निकाल मी अनेकदा वाचला आहे. त्यात इंग्लंडच्या आणि फ्रान्सच्या सार्वभौमत्वाला धक्का लागला की नाही याचा बारकाईने विचार आहे. पळणाऱ्या माणसाचा स्वतःचा काही हक्क होता की नाही, हा प्रश्न लवादापुढे ठेवलाच गेला नव्हता. दोन सरकारांनी आपसात ठरवलेल्या प्रश्नाला दिलेले ते उत्तर होते. कैदी म्हणजे एका दारातून चुकून दुसऱ्या दारात गेलेली वस्तू असावी, तसे ते वाचताना वाटते. तोवर मुंबईत २४ डिसेंबर १९१० आणि ३० जानेवारी १९११ अशा दोन शिक्षा होऊन पन्नास वर्षांचे काळे पाणी ठरलेही होते. हेगचा निकाल लागला तेव्हा ते मुंबईच्या तुरुंगात होते. पुढे त्याच वर्षी अंदमानला रवानगी झाली.

असो. या दाराची आणखी एक बाजू चारच वर्षांनी दिसली. २६ सप्टेंबर १९१४ रोजी याच मार्सेलिसला हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन उतरली. रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे राहिले, बायकांनी सैनिकांना फुले दिली. त्यांच्यात खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्या, २० आणि २१ नंबरच्या, होत्या. मराठी मुलखातल्या त्या पलटणीने २८ ऑक्टोबरला न्यूव्ह शापेल गावातल्या हल्ल्यात भयंकर हानी सोसली. युद्ध संपेपर्यंत लाखाहून अधिक हिंदी माणसे त्या आघाडीवर गेली. एक माणूस स्वतःच्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी त्या धक्क्यावर चढला तर त्याला परत पाठवले, आणि हजारो माणसे दुसऱ्याच्या देशाच्या रक्षणासाठी उतरली तेव्हा फुले उधळली. यात मी त्या गावच्या बायकांना दोष देत नाही. त्यांची माया खरी होती. पण इतिहास शिकवणाऱ्याने या दोन तारखा शेजारी शेजारी लिहायला हव्यात.

पुढे ११ सप्टेंबर १९३१ रोजी गोलमेज परिषदेला जाताना गांधीजी मार्सेलिसला उतरले. जकातीच्या अधिकाऱ्याने सामान विचारले तेव्हा त्यांनी चरखे, तुरुंगातली भांडी, शेळीच्या दुधाचा डबा, खादीची पंचे-वस्त्रे अशी आपली यादी सांगितली. त्यांना कोणी अडवले नाही. तोवर त्यांचे नाव जगभर झाले होते, आणि ते कोणापासून पळून आलेले नव्हते.

१९४० नंतर तर हे गाव म्हणजे दाराशी ताटकळणाऱ्यांचे गाव झाले. हिटलरपासून पळालेली माणसे युरोपभरातून इथे गोळा झाली, कारण बाहेर जाणारी बोट इथून मिळण्याची आशा होती. व्हेरियन फ्राय नावाच्या अमेरिकन पत्रकाराने इथे राहून, खरे-खोटे कागद जमवून, दोन हजारांच्या आसपास माणसे बाहेर काढली. त्यांत मार्क शागालसारखा चित्रकारही होता. जानेवारी १९४३ मध्ये जर्मनांनी फ्रेंच पोलिसांच्या मदतीने जुन्या बंदराकाठची वस्ती खाली केली, हजारो लोक घराबाहेर काढले, ज्यूंना मृत्यूच्या छावण्यांकडे पाठवले आणि पंधराशेच्या आसपास घरे सुरुंगाने उडवली. जिप्तिसने पेला दिला ती जागा हीच. पुन्हा १९६२ साली अल्जीरिया स्वतंत्र झाला तेव्हा तिथले फ्रेंच वंशाचे लोक बोटी भरभरून याच धक्क्यावर उतरले. ते फ्रेंचच होते, तरी यांनी दुसरीकडे कुठे तरी जावे, असे तेव्हाच्या महापौरांनी उघड सांगितले.

तरीही माणसे येत राहिली आणि गाव त्यांच्यासह घडत राहिले. इटालियन, आर्मेनियन, अल्जीरियन, कोमोरो बेटांचे. फुटबॉलपटू झिनेदिन झिदान याच गावातल्या अल्जीरियन आईबापांचा मुलगा. डोंगरावर 'नोत्र दाम द ला गार्द' हे देवालय आहे. त्याच्या छताला खलाशांनी नवस फेडायला दिलेल्या छोट्या होड्या टांगलेल्या असतात. आपल्या देवळांत नवसाचे पाळणे बांधतात ना, तसेच. 'बुयाबेस' हे इथले नामांकित कालवण. कोळ्यांनी बाजारात न खपलेले काटेरी मासे एका भांड्यात उकळले, त्यातून ते झाले. आता तेच महागड्या हॉटेलात मिळते.

शहराच्या दक्षिण भागात माझार्ग येथे युद्धातल्या मृतांची दफनभूमी आहे. हिंदी सैनिकांचे स्मारक तिथे १९२५ साली उभारले गेले. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी आपले पंतप्रधान आणि फ्रान्सचे अध्यक्ष तिथे एकत्र गेले, मार्सेलिसला भारताची वकिलातही त्याच दिवशी सुरू झाली. सावरकरांना इंग्रजांच्या हाती देऊ नये म्हणून झगडलेल्या फ्रेंच लोकांचे आभार पंतप्रधानांनी त्या भेटीत मानले. त्या फ्रेंचांची आठवण निघाली याचे मला समाधान वाटले. आपण उडी लक्षात ठेवली, पण परक्या माणसासाठी आपल्याच सरकारशी भांडणारे ते लोक विसरलो होतो.

हे सगळे दीपनगरात बसून मी का लिहितो आहे? आमच्याकडे समुद्र नाही, पण भुसावळचे जंक्शन हे आमचे बंदरच. रेल्वेमुळे आणि वीज केंद्रामुळे या वसाहतीत किती मुलखांची माणसे आली. माझ्या वर्गात तमिळ, तेलुगू, हिंदी बोलणारी मुले मराठी मुलांशेजारी बसत आणि सहा महिन्यांत आमच्यासारखीच मराठी बोलू लागत. गेल्या काही वर्षांत नव्या संचाच्या कामाला परप्रांतांतून मजूर आले, तेव्हा मात्र 'ही माणसे कुठली, इथे कशाला' असे चौकातल्या पारावर ऐकू येऊ लागले. केंद्राला लागणारा कोळसाही रेल्वेने बाहेरूनच येतो. त्या वाघिणींना कोणी गाव विचारत नाही.

आमच्या पुतण्या-भाच्यांपैकी कोणी पुढेमागे फ्रान्सला गेले तर आयफेल टॉवरचे फोटो पाठवालच, ते पाठवा. पण एक दिवस मार्सेलिससाठी काढा. बंदरावर जा, 'मोरिया' लागली होती त्या बाजूचे पाणी पाहा. मग माझार्गला जाऊन तिथल्या दगडांवरची आपल्या माणसांची नावे सावकाश, मोठ्याने वाचा. तेवढे या म्हाताऱ्या मास्तरासाठी करा.